काकींची कोरफड आणि माझं माशाचं पाणी

न्याहारीच्या पाहुण्यांसाठी घावणे घालत होते, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या काकींच्या लेकीने, नीलमने हाक मारली. "आये गेली गो..." एवढंच म्हणाली. तवा उतरवला आणि तशीच गेले. सुलोचनाकाकी जाऊन आता महिना होत आला.

देवबागेत आमचा सोळा वर्षांचा शेजार. काकींच्या पडवीत तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड होती. आमच्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात कुणाचा ना कुणाचा हात भाजतोच, मग काकींकडे धाव. पान बुडापासून कापायचं, पिवळा चीक निथळेपर्यंत उभं धरायचं आणि मगच गर लावायचा. घाई केलेली त्यांना खपत नसे. बोलणंही रोखठोक. माझ्या सोलकढीला तोंडावर पाणचट म्हणणारी ही एकच बाई.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या उपचारांसाठी गोव्याला लेकीकडे, नीलमकडे गेल्या. डबा माझ्या हवाली करताना बजावलं, "पाणी घालू नको हां. इसारलंस तरी चालात." पण आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी कुणी फेकत नाही. माडाला, कढीपत्त्याला, मिरचीला घालतो आणि झाडं तरारतात. आजारी माणसाचं झाड जरा बाळसं धरू दे, अशी माझी अक्कल. रोज तांब्याभर घातलं. पानं बुडाशी मऊ पडली आणि एक दिवस अख्खं झाड हातात आलं. मुळांचा काळा चिखल झाला होता, वास तर विचारूच नका.

फोनवर काकी कोरफडीची चौकशी करायच्या. बरी आहे, म्हणायचे मी. त्यांची तब्येत तशी, त्यात हे कुठे सांगणार... आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. शेवटी कणकवलीच्या नर्सरीतून तेवढ्याच आकाराची कोरफड आणली आणि मातीसकट त्यांच्या डब्यात लावली.

काकी लेकीसोबत परत आल्या त्या पार वाळून. मी डबा त्यांच्या पडवीत नेऊन ठेवला, तेव्हा एका पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "बरी सांभाळलंस गो." मी मान खाली घालून चहा ठेवायला गेले. पुढे दोन महिने रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज पाहुण्यांचं निमित्त व्हायचं. राहूनच गेलं.

बाराव्यानंतर नीलमजवळ सगळं बोलून टाकलं. रडूही आलं. ती म्हणाली, आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिचं झाड देवबागच्या पांढऱ्या वाळूतलं, आणि या झाडाखाली नर्सरीची लाल माती होती. नीलमला तिने तेव्हाच सांगितलं होतं, "ही माझी न्हय. पण तेका काय बोलू नको, ता लाजतला." मी लाजेन म्हणून.

मग नीलमने मला पडवीत नेलं. जमिनीवर खडूच्या रेघा होत्या, भिंतीपासून उन्हाच्या दिशेने, वीतभर अंतराने. नर्सरीच्या सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात. म्हणून काकी दर चार दिवसांनी रेघ ओढून डबा पुढे सरकवत होत्या. उभं राहवेना तेव्हा खुर्चीत बसून, पायाने. त्यांची शेवटची रेघ उन्हापासून दोन विती अलीकडे होती. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती, आणि इतकी मायाही.

नीलम गोव्याला परतताना डबा मला देत होती. मी डबा तिथेच राहू दिला, फक्त पडवीची किल्ली मागून घेतली. पुढच्या दोन रेघा मी ओढल्या. काल कोरफड उन्हात पोचली.