एअरलॉकच्या दाराची डावी बाजू

अंतराळयानाचा कोणताही भाग संगणकावर दोन टप्प्यांत घडतो. आधी त्याचा आकार, म्हणजे मॉडेल. मग त्यावर चढवायचा रंग, गंज आणि ओरखडे, म्हणजे टेक्स्चर. आयटीआयमध्ये बावीस वर्षे मशीन ड्रॉइंग शिकवून बाहेर पडल्यावर मी बेलापूरच्या एका गेम स्टुडिओत हे काम धरले. तिथला प्रमुख माझाच जुना विद्यार्थी.

यानाला एअरलॉकची, म्हणजे बाहेर पडायच्या हवाबंद कप्प्यांची, बारा दारे होती; माझ्या वाट्याला आधी एक आले. ओळख काढून मी तळोज्याच्या एका रसायन कारखान्यातली लोखंडी दारे पाहून आलो. फोटोला मनाई होती, म्हणून वहीत रेखाटने केली. रंग सगळीकडे सारखा उडत नाही. माणसे उजव्या हाताने दाराच्या मधोमध असलेले कडीचे चाक फिरवतात आणि डाव्या खांद्याने दार रेटतात. त्यामुळे उजवीकडे चाकाजवळ धातू उघडा पडतो, तर डावीकडे खांद्याच्या उंचीवर तेलकट डाग धरतो. तेरा दिवस खर्चून मी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे रंगवल्या.

प्रमुख खुर्ची ओढून शेजारी बसला. "सर, भारी झालंय. पण मेमरी डबल खातंय. उजवं अर्धं ठेवा, डावीकडे तेच मिरर करा."

"मग दोन्हीकडे हुबेहूब तेच ओरखडे येतील. वापरलेले दार असे नसते."

"तुम्हीच तर शिकवलंत. वस्तू सिमेट्रिकल असेल तर सेंटर लाइन मारा आणि अर्धीच काढा. मी पूर्ण काढली तर मार्क कापले होते माझे."

पलीकडचे दोघे हसले.

"आकार सिमेट्रिकल आहे," मी म्हणालो. "वापर नाही."

"हे परीक्षेच्या पेपरात लिहू, सर. संध्याकाळपर्यंत द्या."

मी डावी बाजू पुसली. तेरा दिवसांतले निम्मे काम जायला एक क्लिक पुरली.

संध्याकाळी त्याने ते दार प्रत्यक्ष खेळात दाखवले. यान वळले, दार समोर आले, उघडले आणि मागे पडले.

"फरक दिसला का, सर?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरेच उत्तर हवे होते. मी आणखी दोनदा पाहिले. खांद्याचा डाग नाही हे मला ठाऊक होते. दिसले मात्र नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग उरलेली अकरा दारं पण अशीच करू." तो उठून गेला.

आता माझे एक दार दीड दिवसात होते. कोणाची तक्रार नाही. माझीही नाही.