रंगवलेल्या कप्प्या

ती सकाळ मी अजून विसरलो नाही. मी हर्सूल भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. मोबाइल टॉवरवर आयुष्य काढलेला एक म्हातारा मिस्त्री आला. तो एका ठेकेदाराची अवजारं तपासायचा. टॉवरवर बोजा चढवायच्या, त्यानं परवा बाद केलेल्या चार कप्प्या ठेकेदाराच्या गोदामातून गायब होत्या.

"मोडीतला माल ना? भंगारवाल्याला विचारा," ठाणे अंमलदार हसला.

"भंगारात गेल्या तर बरंच व्हईल साहेब. हुकाला चिरा हायत. बोजा चढवला तर खालचा माणूस ऱ्हाणार नाय."

मी डायरीत नोंद केली आणि तडक गोदाम गाठलं. भिंतीवर तीन कप्प्या, पिवळ्याधमक. रंगाचा वास अजून गेला नव्हता. नव्या हायत, पास हायत, असं गोदामवाला न विचारताच घडाघडा सांगत होता. असा माणूस दिसला की मी खुशाल समजतो, पाणी मुरतंय.

एक कप्पी आढ्याला लावली, दोराला सिमेंटची पोती बांधायला लावली. "आता तू खाली उभा राहा, मग ओढू."

गोदामवाल्याचा पाय हलेना. "साहेब, चिरात लांबी भरून रंग मारला. मालकानंच सांगितलं."

"चौथी कुठाय?"

"फर्दापूरच्या टॉवरला. आज अँटेना चढवायलेत."

फोन लागेना. तोच टॉवर कामासाठी बंद, तर रेंज कुठली? जीपमधल्या बिनतारीवरून कंट्रोलला कळवलं, त्यांनी फर्दापूरच्या पोलिसांना. मी बिनतारीला कान लावून बसलो. मग तिथल्या शिपायाचा धापा टाकत आवाज आला, "साहेब, बोजा अर्ध्यात हाय, खाली तिघं उभे हायत."

"तिघांना ओढून बाजूला काढ!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "पडला साहेब. हुक तुटला. माणसं समदी शाबूत हायत."

मी टोपी काढून तिथंच जीपच्या पायरीवर बसलो. इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता.

कप्प्या पंचांसमोर जप्त केल्या, ठेकेदार मालक आणि गोदामवाल्यावर गुन्हा नोंदवला. संध्याकाळी मिस्त्रींचा जबाब वाचून दाखवला, तर म्हणाले, "एक राहिलं. कप्पी बाद केली की हुक जागेवरच कापायचा असतो. म्या नुसती खडूनं फुली मारली, कापायचं पुढं ढकललं. ते लिवा."

"बाबा, त्यानं तुम्हीच अडचणीत याल."

"लिवा साहेब. तिघं मेले असते."

मी लिहिलं. नोकरीभर जबाब घेतले. माझं नाव गाळा म्हणणारे रोज भेटायचे. माझी चूक घाला म्हणणारा हा एकच भेटला, आणि त्याची सही घेताना मी उभा राहिलो होतो.