कलाबाईचा डावा कान

कलाबाईला पोहायला कुणी शिकवलं नव्हतं. माहेर शिरपूरकडचं, तापीकाठचं. म्हशी नदीत जाऊन बसल्या की त्यांना बाहेर हाकलायचं काम तिचं, आणि त्या कामात ती कधी पोहायला लागली ते तिचं तिलाही आठवत नाही. लग्न होऊन सुरतेला आली. घर गोडादऱ्यात, नवरा हेमराज बमरोलीला कापडाचे लूम चालवणारा, तीही त्याच शेडमध्ये बॉबिन भरायला लागली. तापी इथंही होती, पण ती आता रिक्षातून पुलावरून बघायची चीज झाली होती.

लेक योगिता तरणतलावावर बायकांच्या बॅचला जाऊ लागली, तिच्यासोबत कलाबाई गेली. काठावरून ती लेकीला पाय कसे मारायचे ते सांगत होती. शिकवणाऱ्या उज्ज्वलाबेननी ते ऐकलं आणि म्हणाल्या, उतरून दाखवा. कलाबाईनं चार फेऱ्या मारल्या आणि दम न लागता काठाला येऊन टेकली. बायकांच्या बॅचला जीवरक्षक बाई हवीच होती. त्यासाठीची परीक्षा महिन्याभरात होती. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात घालवलेल्या कलाबाईनं त्याच क्षणी ठरवलं, आता काम पाण्याकाठी. ठरवलं की ती बाई मागं फिरत नाही, हे हेमराजला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी सहाला पोहणं, आठला लूम. आणि इथंच घोटाळा झाला. लूमवर कान बधिर होतात, म्हणून सगळेच कामगार वाया गेलेल्या धाग्याचा बोळा वळून कानात कोंबतात. कलाबाई ओल्या केसांनी, ओल्या कानांनी थेट शेडमध्ये शिरायची आणि दोन्ही कानांत बोळे दाबून कामाची पाळी संपेपर्यंत उभी राहायची. डब्यात ओलं फडकं झाकून ठेवावं तसं कानातलं पाणी आतल्या आत कोंडलं. आधी खाज सुटली. तिनं केसातल्या आकड्यानं खाजवलं. मग ठणका लागला. कानाच्या पाळीला हात लावला तरी कळ, भाकरी चावली तरी कळ. सासू धुरपदाबाईनं मायेनं लसणाचं कोमट तेल ओतलं आणि दुसऱ्या दिवशी डावा कान साफ बंद झाला.

त्याच सकाळी उज्ज्वलाबेननी तिला मागून दोनदा हाक मारली. कलाबाई पुढंच बघत राहिली. बेन समोर आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"कलाबेन, बुडणारं माणूस हळूच एकदा आवाज देतं. तो तुम्हाला ऐकू आला नाही, तर मी तुम्हाला काठावर उभं करू शकत नाही."

परीक्षेला बारा दिवस उरले होते. कलाबाई घरी गेलीच नाही, सरळ कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या कानातून आधी तेलात भिजलेला गुलाबी धाग्यांचा लगदा काढला आणि तो तिच्यापुढं धरला. कलाबाईला शरमेनं मेल्यासारखं झालं. बाईंनी समजावून सांगितलं: कानात पाणी साचून राहिलं की आतली कातडी मऊ पडते, आकड्यानं ती सोलवटते, आणि मग जंतूंना आयतं घर मिळतं. मळ काढायच्या फंदात पडू नये, तो कानाची राखणच करतो. पडदा शाबूत आहे, पण वाट सुजून बंद झालीय. थेंब दिले. कुशीवर निजून सोडायचे आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. दहा दिवस कानात पाण्याचा टिपूस नको. अंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी नुसता टेकवायचा आणि लगेच काढायचा. ताप आला किंवा कानामागं सूज दिसली, तर असेल तशी निघून यायचं.

कलाबाईनं एकच विचारलं. बारा दिवसांत ऐकू येईल?

"मी सांगितलं तेवढंच केलंत, वर काही केलं नाहीत, तर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काही न करणं हे कलाबाईसारख्या बाईला किती जड गेलं ते मी काय सांगू. ती रोज सहाला तलावावर जायची आणि कोरड्या अंगानं काठावर फेऱ्या मारायची, श्वास कोंडून आकडे मोजायची. लूमवर बोळा बंद. हेमराजनं बांधकामावरचे कान झाकणारे मोठे हेडफोन आणून दिले, बाहेरून बसणारे. शेडमधल्या बायका तिला विमान कधी उडणार म्हणून विचारू लागल्या. ती म्हणाली, परीक्षेच्या दिवशी. पण सगळ्यांत वाईट खाज. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यातले सगळे आकडे काढून सासूच्या हातात ठेवले.

"आत्या, दहा दिन मन्हा कानमा काहीच टाकानं नही. तेल बी नही. मी मांगं तरी देवानं नही."

धुरपदाबाई दिवसभर फुगून बसली. तेलाचा अपमान तिला सहन झाला नाही. पण आकडे तिनं कनवटीला बांधले, आणि चौथ्या दिवशी सून कळवळून एक तरी द्या म्हणाली तेव्हा म्हातारीनं कनवट घट्ट धरली आणि दिला नाही. उलट थेंब सोडायला तीच बसू लागली.

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कान तपासून पाण्यात जायला मोकळीक दिली. बाराव्या दिवशी परीक्षा झाली. दोनशे मीटर झाले. खोल बाजूच्या तळाशी टाकलेली वीट तिनं एका दमात वर आणली. पाण्याबाहेर येताच डोकं डावीकडं कलतं करून कानाची पाळी ओढली, पाणी निथळू दिलं, मग उजवीकडं, मग टॉवेलनं नुसतं टिपलं. बाकीच्या बायका बघत राहिल्या. शेवटी ऐकण्याची चाचणी, उज्ज्वलाबेनकडं पाठ करून उभं राहायचं होतं. शिट्टी वाजली की हात वर करायचा. परीक्षेला आलेल्या चौघी उभ्या राहिल्या. पलीकडं मुलींचा गलका चालला होता. कलाबाईनं डोळे मिटले. शिट्टी काही वाजेना.

उज्ज्वलाबेन डाव्या बाजूनं, चार पावलांवरून, घरात बोलावं तितक्या हळू बोलल्या.

"कलाबेन, सोमवारपासून या."

बाकीच्या तिघी शिट्टीची वाट बघत तशाच उभ्या होत्या. कलाबाई वळली.

"आले," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.