नागपूर मागं नाही

"सरका बावा, सरका पुढं. नागपूर मागं नाही."

पवनीच्या स्टँडवरून गाडी हलण्याआधी हे वाक्य ठरलेलं. तिकिटाचा चिमटा वरच्या दांडीवर टकटक वाजायचा आणि दाराला चिकटून उभे असलेले लोक निमूट आत सरकायचे. त्या काळात तुम्ही पवनी-नागपूर गाडीत बसला असाल, तर हा आवाज ऐकला असणार. बसला नसाल, तर उभे तरी राहिला असाल. त्या गाडीत बसायला जागा मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

हे कंडक्टर आमच्याच गल्लीत राहायचे. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. नागपूरला काही न्यायचं-आणायचं असलं की ते काकांच्या सीटखाली जायचं. औषधाची बाटली, चष्म्याची काच, शिकायला गेलेल्या पोराचा डबा. "पोचलं समजा," एवढंच ते म्हणायचे, आणि माणूस घरी जाऊन निवांत जेवायचा.

सगळं नेमकं पोचायचंच असं मात्र नाही. एकदा त्यांनी दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्या दुरुस्तीला नेल्या आणि येताना याची त्याला दिली, त्याची याला. आठवड्याभरानं चूक लक्षात आली, तेव्हा दोघंही म्हणाले की आधीच्यापेक्षा बरी बसते. काकांनी चिमटा वाजवला. "बसली ना? मंग झालं."

काकांची मुलगी माझ्याहून थोडी मोठी. आम्ही तिला ताई म्हणायचो. एम.ए.ला नागपूरला गेलेलं आमच्या गल्लीतलं पहिलं माणूस तीच. समाजशास्त्र घेतलं होतं. काका तिला आपल्याच गाडीतून सोडून आले. दिवाळीच्या सुमारास तिच्या आईनं अंथरूण धरलं, तेव्हा आपल्याच गाडीतून परतही घेऊन आले. येताना तिचं तिकीट फाडलं. "घरची असली म्हून काय झालं?" पुढल्या वर्षी परत पाठवतो, असं ते सांगत राहिले. पुढलं वर्ष यायच्या आत आई गेली आणि ताईचं लग्न होऊन ती लाखनीला गेली.

तिच्या प्रवेशअर्जाची नक्कल मात्र काकांच्या तिकिटांच्या पेटीत राहिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. गावातला कोणीही पोट्टा पुढं शिकायचं म्हणाला की काका ती काढून द्यायचे. "हा पास झालेला फारम हाय. यावरून भर." लग्नात सवाष्णीची ओटी भरावी तशा श्रद्धेनं आम्ही ती नक्कल हाताळायचो.

मग माझी पाळी आली. मला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. बँकेत लागायचं, खुर्चीवर बसायचं, वर पंखा फिरतोय, असा माझा अर्थशास्त्राचा सखोल विचार होता. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा भेटलं तर जाय नागपूरले. नाही तं उद्यापासून बांधीत." बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत. चिखलात वाकून रोवणी करायची माझी योग्यता काय होती, हे मला आणि माझ्या कमरेला चांगलं ठाऊक होतं.

अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि काकांची गाडी पहाटे. संध्याकाळी मी कोरा अर्ज आणि काकांकडून आणलेली नक्कल घेऊन बसलो. वडिलांनी नक्कल हातात घेतली. "मी वाचतो, तू लिही."

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. श्रावणात वडील पोथी वाचायचे, आणि पोथी चालू असताना कोणी मधे बोलायचं नाही, ही सक्त ताकीद. वडिलांना वाचनाचा दुसरा प्रकारच माहीत नव्हता. त्यांनी अर्जही मांडी घालून, टोपी घालून, त्याच लयीत, त्याच हेलात वाचायला घेतला. हातातलं काम सोडून आई दाराशी येऊन हात जोडून बसली. मी मान खाली घालून लिहीत गेलो. नाव तेवढं स्वतःचं लिहिलं. तेवढी शुद्ध होती. बाकी जे कानावर पडलं ते हातातून उतरलं. वाचन संपल्यावर आईनं नमस्कार केला. वडिलांनी पाकीट काकांच्या घरी नेऊन दिलं.

सकाळी चहा पिताना मी ती नक्कल सहज हातात घेतली.

विषय: समाजशास्त्र. पालकाचा व्यवसाय: एस.टी. वाहक. अंगी असलेले विशेष गुण: भरतकाम, रांगोळी. आणि त्याखाली, वसतिगृह: मुलींचे.

चहा कोणत्या बाजूनं नाकात गेला ते सांगता येणार नाही. आधी वाटलं, मी असं लिहिलंच नसेल. मग आपल्याच हाताकडं पाहिलं. हाताला सगळं आठवत होतं. सायकल काढली आणि भिवापूरच्या रस्त्यानं थोडी दामटली. मग लक्षात आलं की गाडी केव्हाच नागपुरात शिरली असेल. परत आलो. मग वाटलं, कदाचित काकांनी अर्ज अजून दिला नसेल. पुन्हा सायकल काढली. कुठं जायचंय ते न कळल्यामुळं स्टँडवर जाऊन बसलो, दिवसभर. वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. पोथी चुकली, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी गाडी आली. काका एकेकाची वस्तू एकेकाच्या हातात देत खाली उतरले.

"काका, फारम दिला काय?"

"दिला ना. हातात देल्ला साहेबाच्या. हे पाह्य पावती."

"काका, तो पुरा चुकला."

"काहून चुकन? उमरेडले चहा पेता पेता मी पुरा वाचला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"काका, मी पोरींच्या होस्टेलात जागा मांगतली!"

काकांनी थोडा विचार केला. "बराबर तं हाय," ते म्हणाले. "तिले तिथंच भेटली होती ना."

मग त्यांनाही कळलं. हातातला चिमटा त्यांनी पेटीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"मले वाचताना बरं वाटून राहिलं होतं बावा," ते म्हणाले. "काहून, ते ध्यानातच नाही आलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच गाडीनं नागपूर गाठलं. ड्यूटीच्या मधल्या वेळात काका खाकी कपड्यांतच माझ्याबरोबर कचेरीत आले. कारकुनानं माझा अर्ज मुलींच्या गठ्ठ्यातून काढला, आधी अर्जाकडं पाहिलं, मग माझ्या मिशीकडं.

"हे वडील का?" त्यानं काकांच्या गणवेशाकडं बोट दाखवून विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"हो," काका त्याच क्षणी म्हणाले.

कारकुनानं चष्मा काढला. आता काही बदलता येणार नाही, म्हणाला, मुदत संपली. काका टेबलावर वाकले. "साहेब, प्याशिंजर बराबर हाय, फक्त सीट चुकली. आमच्या गाडीत बायाच्या सीटवर बाप्या बसला, तं आम्ही त्याले उठवून दुसरीकडं बसवतो. गाडीतून ढकलून देतो काय?"

हा नियम कारकुनाच्या पुस्तकात नव्हता. पण त्याच्या विरुद्धही काही नव्हतं. बराच वेळ गोंधळून त्यानं वसतिगृहाचा रकाना खोडला आणि माझी सही घेतली. विषय बदलायला मात्र तो तयार होईना. अर्थशास्त्राची यादी वेगळ्या खोलीत गेली होती आणि त्या खोलीचा माणूस रजेवर होता. भरतकाम आणि रांगोळीवर त्यानं पेन रोखला, मग म्हणाला, "असू द्या. कामी येईल."

माझं नाव लागलं. समाजशास्त्रात. वडिलांनी विचारलं, "हे काय असते?"

"लोक कसे वागतात, ते शिकायचं."

"त्याच्यासाठी नागपूर कायले? चावडीवर बस."

मी गेलो. पहिले काही महिने वर्गात कशाबद्दल बोलतात तेच कळत नव्हतं. शनिवारी घरी येताना काका गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत यायचे. "काय शिकवलं ह्या हप्त्यात?" मी सांगायला लागायचो. कुटुंबसंस्था म्हणजे, काका... "थांब, भिवापूरवाल्यांची तिकिटं फाडून येतो." परत येऊन नेमकं तिथूनच ऐकायचे. परीक्षा झाल्यावर माझ्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी मागून घेतला. लाखनीला जायचं होतं त्यांना, लेकीकडं. "पोचलं समजा." माझं अक्षर मलाच लागत नसे. त्या वह्यांचं पुढं काय होणार, ते मला कळेना आणि विचारायचंही सुचलं नाही.

पुढं मी पवनीच्याच कॉलेजात लागलो. लोक कसे वागतात ते पोरांना शिकवू लागलो. घरी बायको म्हणते, त्यातलं तुम्हालाच काही कळत नाही. काका निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. स्टँडवरून गाडी सुटताना चिमटा वाजेनासा झाला.

एके दिवशी, शिंगाड्यांचे दिवस होते, ताई लाखनीहून माझ्या घरी आली. घरी राहून एम.ए.ला बसायचं म्हणत होती. भरलेला अर्ज माझ्यापुढं ठेवला. दुसऱ्या पिशवीत माझ्या वह्या होत्या, कोपरे दुमडलेल्या.

"तुह्याच वह्या वाचल्या रे इतके वर्षं. लय घाण अक्षर हाय तुहं." मग म्हणाली, "फारम तपासून दे. तुले चुका कुठं होतात ते बराबर माहीत असन."

मी एकेक ओळ तपासली. विषय: समाजशास्त्र. विशेष गुण: भरतकाम, रांगोळी. वसतिगृहापुढं तिनं आडवी रेघ मारली होती. मी त्या रेघेवर बोट ठेवून थांबलो.

"चुकलं काय?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

पाकीट मी स्वतःच घेऊन निघालो. गाडीत गर्दी होती. सगळे दाराशी अडकलेले, आत जागा रिकामी. नवा कंडक्टर तिकिटांत गुंतला होता. मी तोंड उघडलं. इतक्यात पायरीवरून शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी माझ्या पाठीत कोपर खुपसत ओरडली,

"सरका ना बावा पुढं! नागपूर मागं हाय काय?"

सगळे सरकले. पाकीट छातीशी धरून मीही सरकलो.