एकाच पेटीतली जोडी

बाबा गेले. तेरावे झाल्यावर भावाने त्यांच्या पिस्तुलांची पेटी मागितली. चकमकीच्या दगडाने उडणारी, द्वंद्वासाठी घडवलेली ती जुनी जोडी मलाही हवी होती. एकेक घ्यायचे ठरले आणि पेटीचे दोन भाग करून घ्यायला आम्ही सिहोऱ्याच्या सुताराकडे गेलो.

हा माणूस लाकूड हाती आले की आधी हुंगतो आणि आपल्याकडे न पाहता बोलतो. पिस्तुलाच्या मुठीवरून त्याने अंगठा फिरवला. लोखंड आणि लाकूड यांच्यात केसाएवढीही फट नव्हती.

"हे कायले बनवलं होतं बाप्पा?"

"दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांवर झाडायले," भाऊ म्हणाला.

"अन् निजवलं एकाच गादीवर."

पिस्तुले उलटसुलट, एकमेकांच्या कुशीत बसवलेली होती. ती बाहेर काढून त्याने मखमलीवर मधोमध खडूची रेघ ओढली. ती दोन्ही खाचांना छेदून गेली. मग त्याने करवत भावापुढे धरली.

"तूच चालव भाऊ. मले नाही जमत."

भावाने करवत घेतली, रेघेकडे पाहिले आणि ती खाली ठेवली.

पेटी सध्या माझ्याकडे आहे. पोळ्याला भाऊ ती न्यायला येईल.