पाणी देणारा पत्र्याचा माणूस

मी जिथं शिकवलं त्या शाळेत आता रोबोटिक्सची खोली सुरू होणार आहे. हल्लीचे मुख्याध्यापक घरी आले होते. उद्घाटनाला या, मुलांना या क्षेत्राची ओळख करून द्या, त्यात पुढं काय काय करता येतं ते सांगा, असा त्यांचा आग्रह. माझी ओळख कशी करून देणार तेही त्यांनी ऐकवलं: सत्तरच्या दशकात या भागातला पहिला यंत्रमानव बनवणारे सर. मी चहाचा कप खाली ठेवला. ही गोष्ट खरी नाही, आणि ती पहिल्यांदा सांगणारा मीच होतो.

गाव ताडकळसच्या पुढं, सडक सोडून आत. मी विज्ञान शिकवायचो. नोकरी अजून कायम व्हायची होती. एका मासिकात परदेशातल्या मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या लोखंडी हाताचं चित्र आलं होतं. ते मी दहावीच्या वर्गात फिरवलं. पोरं हसली, ह्याला भाकर लागत न्हाई म्हणाली. एक मुलगा मात्र तास संपल्यावर थांबला. त्यानं विचारलं, वस्तू हातात आली हे या हाताला कळतं कसं? मला उत्तर ठाऊक नव्हतं. तूच शोध, म्हणालो, आपण प्रदर्शनात ठेवू.

मुलगा बौद्ध कुटुंबातला. आईबाप दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचे. दहावी झाली की पोरानं कामाला लागावं, असं बापाचं म्हणणं. प्रदर्शनाला परीक्षक म्हणून तंत्रनिकेतनातले एक इंजिनिअर येणार होते. त्यांना काम आवडलं आणि त्यांनी शब्द टाकला, तर प्रवेश आणि वसतिगृह दोन्ही जमेल, मग बाप अडवणार नाही, असं मीच त्याच्या मनात भरवलं होतं. त्या आशेवर तो कामाला लागला.

त्यानं पत्र्याचा माणूस उभा केला: तेलाच्या डब्याचं धड, वनस्पती तुपाच्या डब्याचं डोकं, डोळ्यांच्या जागी बॅटरीचे बल्ब. खरी करामत हाताची होती. लाकडी पट्टीच्या एका टोकाला तळहात, दुसऱ्या टोकाला डब्याच्या आत टांगलेला दगड. पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला की हात खाली झुकून पुढं यायचा. पाहुण्यानं ग्लास उचलला की हात वर जाऊन कपाळाला लागायचा, सलाम केल्यासारखा, आणि तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकून डोळ्यांचे बल्ब लागायचे. दगड घासून घासून त्यानं वजन असं जुळवलं होतं की अर्ध्या ग्लासाला हात हलायचा नाही. मी काय दिलं? सेल आणि तांब्याची तार.

आमच्या शाळेत शिवाशिव नाही, असं आम्ही छातीवर हात ठेवून सांगायचो. पण संस्थेचे अध्यक्ष आले की त्यांना पाणी कुणी न्यायचं, हे न बोलता ठरलेलं असायचं. मोठे जमीनदार होते. ग्लास बहुधा मुख्याध्यापक स्वतः धरायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी ग्लास मी भरायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. भरला, तर पाणी जास्त झालं. हात पार टेबलाला टेकला. अध्यक्ष दारात आलेले. मुलानं पटकन ग्लास उचलला, पाणी ओतून दिलं, तांब्यातून पुन्हा हवं तेवढं घातलं आणि ग्लास तळहातावर ठेवला. मी पाहिलं. हात झुकला.

अध्यक्षांनी पाणी पिऊन ग्लास बाजूला ठेवला. हात कपाळाला गेला, डोळे पेटले. सगळा वर्ग हसला, अध्यक्षही हसले.

"मास्तर, आमच्या गड्यापेक्षा ह्यो बरा की. उलटं बोलत न्हाई."

इंजिनिअर मात्र खाली वाकून पट्टी बघत होते. त्यांनी अर्धा ग्लास ठेवून पाहिला, मग पूर्ण. यंत्रमानव म्हणजे चेहरा नव्हे, ते मुलांना सांगू लागले. आधी जाणायचं, मग ठरवायचं, मग करायचं, हे ज्याला जमतं ते यंत्र. पुढं याचं वेगळं शास्त्र होईल, त्यात कामं निघतील. मग त्यांनी सरळ विचारलं, "हे कुणी केलं?"

मुलगा टेबलाच्या पलीकडं उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. अध्यक्षही माझ्याकडं पाहत होते. त्याचं नाव घेतलं असतं तर दुसरा प्रश्न, पाणी कुणी भरलं, हाच आला असता.

"मी," म्हणालो. "मुलांनी थोडी मदत केली."

इंजिनिअरांनी माझा हात हातात घेतला. शाळेला ढाल मिळाली. त्यांच्या गाडीपर्यंत मी गेलो होतो. तिथं तरी सांगता आलं असतं; पण अध्यक्ष बरोबर होते.

संध्याकाळी मुलगा डबे सोडवत होता. मी समजावू लागलो की वेळ तशी होती, पुढं बघू. त्यानं दगड खिडकीत ठेवला.

"सर, त्यांनी पाणी पिलं की. मग भ्याव कशाचं?"

दहावीनंतर तो पाथरीच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. माझी नोकरी कायम झाली.

खूप वर्षांनी तो देवगाव फाट्यावर भेटला. बस चुकल्यामुळं मी हॉटेलात बसलो होतो. त्यानंच ओळखलं. अंगावर ग्रीसचे डाग, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यानं टेबलावरच्या जगमधून पाणी ओतलं आणि ग्लास माझ्यापुढं केला.

"घ्या सर. आज मशीन न्हाई, मीच हाय."

तो हसला. मी पाणी प्यालो, माफी मात्र मागितली नाही. त्याची बस आली, तो गेला. त्यानंतर तो कुठं असतो, मला कळलं नाही. मी शोधही घेतला नाही.

मुख्याध्यापकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, सर, मुलांपुढं एवढं जुनं कशाला, करिअरपुरतं बोलू. मी म्हणालो, करिअरपुरतंच बोलतोय. यंत्र त्या मुलानं केलं, पाणी त्यानं भरलं आणि त्याची जागा मी घेतली, हे आधी सांगू द्या. नाहीतर फीत कापायला दुसरं कुणी बघा. विचार करून कळवतो म्हणाले. अजून फोन आलेला नाही.