आमटीतली करवंदं

काल इथे, बंगळुरूच्या कॅन्टीनमध्ये, लोणच्यासाठी कच्ची करवंदं आली. चिरताना बोटांना पांढरा चीक लागला. अन्न तपासायला येणाऱ्या मॅडम सहज म्हणाल्या, "यांच्या आंबट-तुरट रसात अन्न नासवणारे जंतू सहजी वाढत नाहीत." माझा विळीवरचा हात तिथेच थांबला.

लहानपणी नाशिकच्या पेठ तालुक्यातून आम्ही टोळीनं दिंडोरीला द्राक्षं तोडायला जायचो. चौथीतच शाळा सुटलेली मी काकीच्या हाताखाली सगळ्यांचं रांधायचे. सकाळी केलेली आमटी दिवसभर पालाच्या उकाड्यात राहायची आणि संध्याकाळी तीच वाढायची. काकी तिच्यात मूठभर करवंदं ठेचून टाकायला लावायची. सगळे आंबट म्हणून नाकं मुरडायचे, म्हणून एक दिवस मी ती टाकलीच नाहीत.

"आज आमटी लय झ्याक!" म्हणत सगळे जेवले. दिवस उगवायच्या आत सगळ्यांना जुलाब-उलट्या. काकीची चार वर्षांची सोनी तर हाक मारली तरी डोळे उघडेना. काकीने पातेल्याचा तळ पळीने ढवळून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

मुकादम ओरडला, "कोणी रांधलं व्हतं?"

"द्राक्षांवर फवारलेल्या औषधानं झालं आसंल," काकी म्हणाली. "पोरीला नका बोलू."

सोनी सलाईनवर वाचली. औषधाचं मीही कालपर्यंत खरंच मानत होते.

त्या दिवसापासून करवंदं काकी स्वतः ठेचायची, मला हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, माझ्या बोटांना चीक लागू नये म्हणून.